घट कुठे गेली? धातूंच्या रिसायकलिंगमध्ये पीएच.डी. करू पाहणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात लहानपणी आजीबरोबर भांड्यांच्या दुकानात जायचं म्हणजे मोड घेऊन जायचं. चेपलेली पितळी घागर तराजूत पडायची आणि दुकानदार वजन सांगून लगेच म्हणायचा, "आजी, यात घट धरावी लागेल." आजी भांडायची. अख्खी घागर समोर आहे, मग घट कसली?

मला या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते धातुशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. पितळ वितळतं साधारण ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला आणि त्यातलं जस्त उकळतं ९०७ अंशांना. घागर वितळेपर्यंत जस्ताचा काही भाग वाफ होऊन उडून गेलेला असतो. ओतशाळेत पितळाच्या मुशीवर जो पांढरा धूर दिसतो तो त्याच जस्ताचा. दुकानदार खोटं बोलत नव्हता.

धातूंचं शाश्वत उत्पादन आणि रिसायकलिंग या विषयातली पीएच.डी. म्हणजे माझ्या मते हा घटीचा हिशेब मांडायला शिकणं. भट्टीत काय गेलं, बाहेर काय आलं, मधलं कुठे गेलं, आणि ते परत मिळवायला किती ऊर्जा आणि किती पैसा लागेल. मी भारतात एम.टेक. करून युरोपात डॉक्टरेट केली. तेव्हापासून धातुशास्त्र, केमिकल, मायनिंग, रसायनशास्त्र शिकलेली मुलंमुली मला विचारत असतात की कुठल्या विद्यापीठात अर्ज करू. माझ्या यादीत हा प्रश्न चौथ्या क्रमांकावर येतो.

पहिली पायरी: आपली घट निवडा

देश, विद्यापीठ, मार्गदर्शक यांच्या आधी धातू निवडा, आणि त्या धातूच्या प्रवासात नेमकं काय हरवतं ते निवडा. तीन उदाहरणं देते.

लोखंडापासून सुरुवात करू. मोटारी चिरडून जे भंगार तयार होतं त्यात वायरिंगची आणि छोट्या मोटर्सची तांब्याची तार अडकून राहते. भट्टीत ऑक्सिजन फुंकला की कार्बन वायू होऊन जातो, सिलिकॉन आणि मँगेनीज स्लॅगमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या मळीत, जातात, चुना घातला असेल तर फॉस्फरसही जातो. तांबं मात्र जागचं हलत नाही, कारण ऑक्सिजनला तांब्याच्या आधी लोखंडच पकडतं. कुठला धातू ऑक्सिजनला किती घट्ट धरतो ते दाखवणारी, एलिंगहॅमने १९४४मध्ये मांडलेली ऑक्साइडांची आकृती समोर ठेवली तर हे एका नजरेत दिसतं. तांबं जाळून काढायचं म्हटलं तर त्याआधी सगळं लोखंड जाळावं लागेल. मग हे तांबं साचत जातं. पोलाद तापवून लाटताना पृष्ठभागावरचं लोखंड गंजून पापुद्रे होतं, तांबं खाली गोळा होऊन वितळतं, कणांच्या सीमांमध्ये झिरपतं आणि पत्र्याला चिरा पडतात. म्हणून असं भंगार मोटारीच्या पत्र्याला चालत नाही, बांधकामाच्या सळईला चालतं. आपल्या जालन्याच्या इंडक्शन भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्न (खनिज न वितळवता काढलेलं सच्छिद्र लोखंड) वितळवून सळईच करतात. पण जगभरात भंगार वाढत जाणार आणि सगळ्यांनीच सळई करून भागणार नाही. तांबं वितळण्याआधी वेगळं कसं करायचं, किंवा वितळलेल्या पोलादातून कसं ओढून काढायचं, हा अजून पुरता न सुटलेला प्रश्न आहे आणि त्यात कितीतरी पीएच.डी. मावतात.

ॲल्युमिनियमची अडचण याच्या उलट आहे. ते स्वतःच ऑक्सिजनला इतकं घट्ट धरतं की त्यातलं लोखंड किंवा सिलिकॉन जाळून काढायची सोयच नाही. खनिजापासून ॲल्युमिनियम करायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या सुमारे ५ टक्क्यांत भंगार वितळतं, हा आकडा प्रत्येक पोस्टरवर असतो. भंगारात शुद्ध धातू ओतून मिश्रण पातळ करत राहावं लागतं, ते पोस्टरवर नसतं. तिथे खरं काम आहे.

तिसरं उदाहरण लिथियम-आयन बॅटऱ्यांचं. त्या भट्टीत वितळवल्या तर कोबाल्ट, निकेल आणि तांबं मिश्रधातूत उतरतं, पण लिथियम ॲल्युमिनियमबरोबर स्लॅगमध्ये जातं. इथे लिथियम ही घट. युरोपीय संघाच्या २०२३च्या बॅटरी कायद्याने २०२७अखेर टाकाऊ बॅटऱ्यांतलं ५० टक्के आणि २०३१अखेर ८० टक्के लिथियम परत मिळवण्याची अट घातली आहे. कोबाल्ट, निकेल आणि तांब्यासाठी हेच आकडे ९० आणि ९५ टक्के आहेत. कायद्यात आकडा आला की त्यामागे संशोधनाचा पैसा येतो, हे लक्षात ठेवा. आपल्याकडेही २०२२चे बॅटरी कचरा नियम आहेत, आणि २०२५मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांचं राष्ट्रीय मिशन मंजूर केलं. विषय निवडताना अशा गोष्टी बघणं म्हणजे तत्त्वांशी तडजोड नव्हे. भट्टी, गॅस, विश्लेषण हे सगळं महाग आहे.

याशिवाय खनिजाच्या बाजूचे विषय आहेतच: कोळशाऐवजी हायड्रोजनने लोहखनिजाचं क्षपण (म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून घेणं), ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) करणाऱ्या कारखान्यांमागे साचणारा लाल चिखल (बेळगावलाही असा कारखाना आहे), गोव्यात खाणींशेजारी पडून असलेले हलक्या प्रतीच्या खनिजाचे डोंगर.

वाचून झालं की वहीत एक वाक्य पूर्ण करा: "माझ्या विषयात अमुक धातू अमुक ठिकाणी जाऊन बसतो आणि मला तो अमुक रूपात हवा आहे." हे वाक्य जमत नसेल तर अर्ज करायची घाई करू नका. आणखी वाचा.

दुसरी पायरी: कागदावर ताळेबंद जमवा

सॉफ्टवेअरच्या आधी पेन्सिल. एक गणित आजच करून बघा. हेमेटाइट या लोहखनिजाच्या एका रेणूतून लोखंडाचे दोन अणू सुटतात आणि त्याला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात. म्हणजे एक टन लोखंडाला साधारण ५४ किलो हायड्रोजन. एक किलो हायड्रोजन पाण्यापासून बनवायला अंदाजे ५० युनिट वीज धरली तर फक्त हायड्रोजनसाठी टनामागे २,७०० युनिट झाली. आता हीच वीज कोळशाच्या औष्णिक केंद्रातून आली तर काय होईल, तेही मांडा. स्वीडनमधल्या लुलेओ इथे हायब्रिट प्रकल्पाची हायड्रोजनवर चालणारी प्रायोगिक भट्टी २०२०मध्ये सुरू झाली ती तिथेच का, याचं बरंचसं उत्तर तुम्हाला त्या कागदावर मिळेल: शेजारी लोहखनिज आहे आणि जलविद्युत आहे.

दुसरं गणित ॲल्युमिनियमचं. हॉल आणि एरू यांनी १८८६मध्ये वेगवेगळी शोधलेली पद्धत आजही चालते, आणि तिच्यात कार्बनचा ॲनोड (धन विद्युतध्रुव) जळतो. समीकरणाने टनामागे ३३३ किलो कार्बन लागतो, कारखान्यात ४००च्या वर जातो. वरचा कार्बन कुठे जातो, ते शोधा. अशी चारपाच गणितं स्वतः केलेला विद्यार्थी मुलाखतीत पाच मिनिटांत ओळखू येतो.

विषयांपैकी तीन पक्के हवेत: धातूंचं थर्मोडायनॅमिक्स, फेज डायग्राम (कुठल्या तापमानाला आणि मिश्रणाला पदार्थ कुठल्या रूपात असतो त्याचा नकाशा) वाचणं, आणि उष्णता व द्रव्य यांचं वहन. केमिकलवाल्यांचं तिसरं चांगलं असतं आणि दुसरं कच्चं. धातुशास्त्रवाल्यांचं बहुतेक वेळा उलट. रसायनशास्त्रातून येणाऱ्यांना ॲसिडमध्ये विरघळवून धातू वेगळा करण्याची बाजू लवकर जमते, पण १,६०० अंशांच्या भट्टीची सवय नसते. आपलं कच्चं कुठे आहे ते ओळखून सहा महिने त्यावर घाला. पुढे फॅक्टसेज, एचएससी केमिस्ट्री अशी गणक सॉफ्टवेअर वापरावी लागतील. त्यांत आकडे भरले की उत्तर येतंच. ते समतोलाचं उत्तर असतं, आणि भट्टी समतोलाला पोचलेली असेलच असं नाही. थोडं पायथन शिकलात तर पहिल्या वर्षाचे दोन महिने वाचतील.

तिसरी पायरी: एक आठवडा भंगारात

ही पायरी कुठल्याही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नसते आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. माझे काका शिरोलीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर होते. बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) ओतकामासाठी येणारं भंगार ते हातात घेऊन सांगायचे की हे चालेल, हे बाजूला काढा. मी त्यांच्यामागे उभी राहून जे शिकले ते नंतर मला प्रबंधाच्या प्रस्तावनेत कामी आलं. गोदामातला जाणता माणूस लोहचुंबक लावून, कानशीने घासून, ग्राइंडरवरच्या ठिणगीचा रंग आणि फुटणं बघून पोलादाची जात सांगतो. आपल्याकडचं वर्गीकरण आजही बऱ्याच अंशी अशा हातांवर चालतं.

जवळ फाउंड्री, री-रोलिंग मिल, ई-कचऱ्याचं अधिकृत केंद्र, निदान भंगाराचं मोठं गोदाम असेल तर ओळख काढून परवानगी घेऊन जा. सेफ्टी शूज घाला. मिस्त्रींना आणि मुकादमांना विचारा: कुठला माल तुम्ही नाकारता? का नाकारता? नाकारलेला कुठे जातो? उत्तरं लिहून ठेवा. सर्किट बोर्ड उघड्यावर जाळणारे किंवा ॲसिडच्या बादलीत बुडवणारे लोकही दिसतील. त्यांचे फोटो काढू नका. ती माणसं कुठल्या धोक्यात काम करतात ते बघा आणि त्यांच्याशी नीट बोला. तुमच्या संशोधनाने ज्यांचं काम बदलणार आहे ती हीच माणसं.

चौथी पायरी: देशात की बाहेर

दोन्हीकडे उत्तम काम होतं. भारतात जमशेदपूरची राष्ट्रीय धातुशास्त्र प्रयोगशाळा १९५०पासून आहे, आणि भुवनेश्वरच्या खनिज व पदार्थ तंत्रज्ञान संस्थेत हलकी खनिजं आणि टाकाऊ पदार्थांवर काम चालतं. दोन्ही सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या, त्यामुळे पदवी एसीएसआयआर या अकादमीमार्फत घेता येते. आयआयटी मुंबई, आयआयटी कानपूर, बंगळूरची आयआयएससी ही नावं ठाऊक असतीलच. महाराष्ट्रात नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपी इथे धातुशास्त्राचे जुने विभाग आहेत, आणि नागपुरातच ॲल्युमिनियमला वाहिलेलं जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्र आहे. ॲल्युमिनियम हा विषय असेल तर तिथे एकदा जाऊन याच.

प्रवेशासाठी गेट या देशपातळीवरच्या परीक्षेचा धातुशास्त्राचा पेपर महत्त्वाचा. गुण तीन वर्षं चालतात. जेआरएफचं (कनिष्ठ संशोधन फेलोशिपचं) विद्यावेतन जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी. फेलोशिप आहेत, आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तिच्यात डॉक्टरेटही बसते. आपल्याला लागू होणाऱ्या योजनेची जाहिरात त्या त्या वर्षी स्वतः वाचा. अर्धवट ऐकीव माहितीवर वर्ष गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

युरोपात, विशेषतः नॉर्वे, स्वीडन, जर्मनी आणि बेल्जियममध्ये, या विषयातली पीएच.डी. ही बहुधा पगारी नोकरी असते. जागा निघते, जाहिरात येते, निवड होते, करार होतो. शिकवणी फी भरायची नसते. नॉर्वेत ट्रॉन्हाइमच्या विद्यापीठात सिलिकॉन, फेरोअलॉय आणि ॲल्युमिनियमवर पिढ्यान् पिढ्यांचं काम आहे. तिथे पूर्णवेळ संशोधनाचा करार तीन वर्षांचा असतो, शिकवण्याचं काम जोडलं असेल तर चार. जर्मनीत आखेन, फ्रायबर्ग (इथली खाण-अकादमी १७६५ची) आणि ड्युसेलडॉर्फची माक्स प्लांक संस्था. पोलादाचं संशोधन हीच जिची ओळख होती त्या या संस्थेने २०२४मध्ये आपलं नावच बदलून शाश्वत पदार्थांची संस्था असं केलं. बेल्जियममध्ये लूव्हेन, ऑस्ट्रियात लेओबेन, फिनलंडमध्ये आल्टो. यांपैकी बऱ्याच ठिकाणी मास्टर्स लागतंच, नुसत्या बी.ई.वर भागत नाही.

युरोपीय संघाच्या पैशावर अनेक देशांतल्या संस्था मिळून चालवतात त्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागांना पगार चांगला असतो आणि एक अट हमखास विसरली जाते: भरतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे. जर्मनीत नुकतंच मास्टर्स केलं असेल तर जर्मनीतली जागा मिळणार नाही, पण त्याच नेटवर्कमधली बेल्जियमची मिळू शकते. भारतातून थेट जाणाऱ्याला ही अट उलट फायद्याची. या जाहिराती युरॅक्सेस या संकेतस्थळावर येतात, नॉर्वेच्या जॉबनॉर्गे या संकेतस्थळावर. आठवड्यातून एकदा बघायची सवय लावा.

पाचवी पायरी: पत्र आणि मुलाखत

"आदरणीय सर, मी अत्यंत मेहनती असून आपल्या नामांकित संस्थेत..." अशी पत्रं प्राध्यापकांकडे रोज ढिगाने येतात. तुमचं पत्र पाऊण पानाचं असू द्या. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या गटाचा एक शोधनिबंध आणि त्यातली एक आकृती, जी वाचून तुम्हाला प्रश्न पडला. दुसऱ्यात तुम्ही स्वतःच्या हाताने केलेलं एक काम, आकड्यांसह: किती ग्रॅमचा नमुना, किती तापमान, काय मोजलं, काय चुकलं. तिसऱ्यात कधीपासून येऊ शकता आणि पैशाची सोय काय आहे. "काय चुकलं" हे लिहायला आपल्याकडे मुलं घाबरतात. मी उमेदवारांची पत्रं वाचते तेव्हा आधी तेच शोधते.

मुलाखतीत अवघड प्रश्न क्वचित येतात. सोपे येतात आणि खोल जातात. स्लॅग म्हणजे काय? तुमचा नमुना संपूर्ण ढिगाचं प्रतिनिधित्व करतो हे कशावरून? माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा आणि कसं शोधाल ते सांगा.

आणि तुम्हीही विचारा. यात उद्धटपणा नाही. प्रकल्पाचा पैसा किती वर्षांचा आहे? कंपनी भागीदार असेल तर निष्कर्ष प्रसिद्ध करायला तिची परवानगी लागेल का, आणि किती महिन्यांत मिळते? भट्टी किती जणांत वाटलेली आहे? रासायनिक विश्लेषण आत होतं की बाहेर पाठवावं लागतं? मागचे दोन विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? शक्य असेल तर त्यांच्यापैकी एकाशी एकटीने, एकट्याने बोला. चांगला मार्गदर्शक याला कधीच हरकत घेत नाही.

सहावी पायरी: पहिलं वर्ष

माझा विषय होता विद्युत भट्टीच्या धुळीतलं जस्त. जस्ताचा मुलामा दिलेलं भंगार वितळवलं की टनामागे साधारण १० ते २० किलो धूळ निघते आणि तिच्यात जस्त, शिसं भरलेलं असतं. म्हणजे फिरून आजीच्या घागरीच्या धुरापाशीच आले होते. नळीच्या भट्टीत मी ती धूळ कार्बनबरोबर तापवायची आणि जस्ताची वाफ पुढे पकडायची. पाच महिने माझा ताळेबंद जमेना. शंभर भाग जस्त आत, एकोणनव्वद बाहेर. मी तराजू तपासला, विश्लेषण परत करून घेतलं, आकडे घोटले. एका शनिवारी नळी बदलायला काढली तेव्हा थंड टोकाला आतून करडा थर दिसला. तो खरवडून तोलला. ते अकरा भाग तिथे बसले होते. पहिल्या आठवड्यात नळीच्या आत डोकावायला हवं होतं, ते मी केलं नव्हतं.

तेव्हापासून सगळ्यांना सांगते: प्रत्येक प्रयोगानंतर भट्टीचा प्रत्येक भाग तोला. नळी, मूस, गाळणी, खाली पडलेली धूळ. रिकाम्या मुशीचा प्रयोग आधी करा. ताळेबंद जमेपर्यंत निष्कर्ष काढू नका आणि न जमलेला आकडा लपवू नका, कारण नवा विषय बहुतेक वेळा त्यातूनच निघतो.

ई-कचऱ्यावर काम असेल तर सगळ्यात अवघड भाग नमुना घेणं हा आहे. एका चमचाभर भुकटीत सोन्याचा पिनचा तुकडा आला तर निकाल एकदम वर जातो, नाही आला तर खाली. जास्त माल दळा, बारीक दळा, चार भाग करून समोरासमोरचे घ्या, तीनदा मोजा.

सुरक्षिततेवर मी हात आखडता घेणार नाही. ओलं भंगार वितळलेल्या धातूत टाकलं की पाण्याची वाफ क्षणात फुगते आणि स्फोट होतो. फाउंड्रीत माणसं याने गेलेली आहेत. लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटचा पाण्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होऊ शकतो, आणि तो त्वचेतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतो. बॅटरी पूर्ण डिस्चार्ज केल्याशिवाय उघडायची नाही. हायड्रोजनच्या भट्टीत आधी निष्क्रिय वायू, मग हायड्रोजन, आणि बंद करताना परत निष्क्रिय वायू. जोखमीचा फॉर्म भरणं कंटाळवाणं वाटतं तेव्हा तो दोनदा वाचा. रात्री प्रयोगशाळेत एकटं भट्टी चालवू नका, मार्गदर्शकाने घाई केली तरी.

पुढची वर्षं

इथे थोडक्यात सांगते, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला तुम्ही स्वतःच दुसऱ्यांना सांगण्याच्या जागी असाल. पहिला निबंध अठरा महिन्यांच्या आत लिहायला घ्या. निदान एकदा कारखान्यात जाऊन तुमच्या ग्रॅममधल्या प्रयोगाचे टन करून बघा. मूस आणि खरी भट्टी यांत स्लॅग वेगळा वागतो. पर्यावरणीय हिशेब शेवटच्या प्रकरणात चिकटवू नका. वीज कुठून येते, ॲसिडचं पुढे काय होतं, उरलेला गाळ कुठे जातो, हे पहिल्याच आराखड्यात घ्या. नव्वद टक्के कोबाल्ट मिळालं आणि प्रत्येक किलोमागे कित्येक पट क्षारयुक्त सांडपाणी निघालं, तर घट फक्त एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात गेली.

शेवटाकडे प्रत्येक देशाची रीत वेगळी. नॉर्वेत प्रबंधाच्या बचावाआधी एक चाचणी-व्याख्यान द्यावं लागतं आणि त्याचा विषय सुमारे दोन आठवडे आधीच हाती पडतो. स्वीडनमध्ये छापलेला प्रबंध बचावाच्या काही आठवडे आधी खरोखर खिळ्याने ठोकून लावायची प्रथा आहे. भारतात तोंडी परीक्षेआधी बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल यायला महिने लागू शकतात, तेवढे दिवस हाताशी धरून विद्यावेतनाचं नियोजन करा.

निघण्याआधी नमुन्यांच्या डब्यांवर तारीख, तापमान, भट्टीचा क्रमांक आणि वहीचं पान न पुसणाऱ्या शाईने लिहा, आणि उरलेली धूळ, स्लॅग, नळीतून खरवडलेला थर टाकून देऊ नका. माझ्या त्या करड्या थराची डबी दोन वर्षांनी एका नव्या विद्यार्थिनीने मागून घेतली. तिला त्यात शिशाखेरीज इंडियम या दुर्मिळ धातूचा माग काढायचा होता.